प्रेमाची वेठ

आमच्या ऑफिसात काचेची एक छोटी खोली आहे. त्या वर्षी मी तिची इतकी धास्ती घेतली होती की तिच्यासमोरून जाताना श्वास रोखायचे. कुणाला आत बोलावलं की दार लागायचं, आणि बाहेर आलेला माणूस मुकाट्यानं बॅग भरायला लागायचा. इथे परदेशात, तांजोंग पगारच्या त्या इमारतीत माझ्या आजूबाजूच्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या होत होत्या. नोकरी गेली की एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे राहायचा परवानाच जाणार, पासबरोबर हौगांगचा भाड्याचा फ्लॅट जाणार, आणि लेकीची शाळा सुटणार. तिचं सगळं जग इथलंच. नागपूर म्हणजे आजोबा राहतात ते गाव, एवढीच तिची ओळख.

म्हणून मी दर शनिवारी साहेबांच्या मुलाला गणित शिकवायला जायला लागले. जबरदस्ती कुणी केली नव्हती हो! साहेब सहज म्हणाले, पोराचं गणित कच्चं आहे, आणि माझ्याच तोंडून निघून गेलं, "मी येते ना!" नोव्हेनाला त्यांचा कॉन्डो, म्हणजे भारीतला फ्लॅट. त्यांची बायको फळं कापून ठेवायची, मी गोड हसायचे आणि शिकवून परत यायचे. घरी सांगायचे, ऑफिसचं काम आहे. नवरा पुण्यात नोकरीला, त्यामुळे खोदून विचारणारं कुणी नव्हतं.

त्यात बाबा नागपूरहून राहायला आले. आणि लेकीच्या शाळेत प्रदर्शन निघालं, मध्ययुगातल्या युरोपचं. त्यासाठीचा देखावा घरीच करायचा होता. आमच्या हॉलभर पुठ्ठा, डिंक आणि रंग. मधोमध सरदाराचा किल्ला, भोवती शेतं, एका कोपऱ्यात गिरणी. लेक इंग्रजीतून माहिती मोठ्यानं वाचायची, मी बाबांना मराठीत सांगायचे. सरदाराच्या जमिनीवरच्या कुळाला त्याच्या परवानगीशिवाय गाव सोडता येत नसे. लेकीचं लग्न ठरवायचं तरी त्याला विचारायचं. पीठसुद्धा त्याच्याच गिरणीत दळायचं.

"आई, same like you lah," लेक म्हणाली.

"गप बस गं! त्यांना गाव सोडू देत नव्हते, मला राहू देतील की नाही याचीच पंचाईत."

पुढे होतं, ठरलेल्या दिवसांखेरीज सुगीला आणखी फुकट राबायचं. त्या दिवशी सरदार जेवू घालायचा. काही ठिकाणी त्याला म्हणे प्रेमाचं काम म्हणत.

"वेठ म्हण ना सरळ," बाबा म्हणाले. त्यांच्या वडिलांना गावात वेठ होती. पाटलाकडून हाक आली की पुढ्यातलं ताट सारून निघावं लागे. बाबांनी हे कधी रडून सांगितलं नाही, आताही नाही. डिंकाची बाटली बंद करत त्यांनी विचारलं, "तुला शनिवारचे वेगळे पैसे देतात का गं?"

"ऑफिसला नाही जात मी, बाबा. साहेबांच्या मुलाला शिकवते. पैसे कसले घ्यायचे? आपलं प्रेमानं..."

बाबा माझ्याकडे बघत होते.

"माझ्या बापाला नाही म्हणायची सोय नव्हती," ते म्हणाले. "तुला आहे का, तेवढं बघ."

दुसऱ्याच दिवशी साहेबांचा मेसेज आला. परीक्षा जवळ आली आहे, या शनिवारी दिवसभर येशील का? लेकीचं प्रदर्शन त्याच शनिवारी. जमणार नाही, मुलीच्या शाळेत जायचंय, असं लिहिलं आणि पाठवून टाकलं. उत्तर आलं, "ओके." बस्स, एवढंच.

झालं! घेतला धोंडा पायावर पाडून. मी बाबांवरच उखडले, "तुमचं काय जातंय बोलायला? उद्या सामान मला बांधायचंय!" बाबा लसूण सोलत बसले. प्रदर्शनात लेक पाहुण्यांना काय सांगत होती, मला एक अक्षर आठवत नाही. सारखी फोन बघत होते मी.

सोमवारी साहेबांनी काचेच्या खोलीत बोलावलं. दार लागलं. ते म्हणाले, शेजारची आणखी एक खुर्ची रिकामी झाली आहे, तिचं काम आता तुझ्याकडे. मला धड कळेचना. न राहवून मी विचारलं, "सर, शनिवारी आले नाही म्हणून माझ्या पासचं काही..."

ते खरंच चकित झाले. "त्याचा काय संबंध? मला वाटलं, तुला आवडतं शिकवायला." मग दाराकडे बघून हळूच म्हणाले, "नावं वरून येतात. माझ्या हातात काहीच नाही. माझं स्वतःचंच काही खरं नाही."

घाबरला होता तो माणूस. आणि मी त्याच्याकडे अभय मागायला जात होते!

घरी येऊन सगळं सांगितलं. लेकीनं विचारलं, "So we stay or not?"

"माहीत नाही गं," मी म्हणाले. खरंच माहीत नव्हतं.

ती म्हणाली, "मग this Saturday तू घरी?"

"हो," मी म्हणाले. "घरी."