काठाची तुळई

दादा ज्या पुलावर गेला, त्यावरून अजून गाड्या जातात. मी दुसऱ्या रस्त्याने जातो.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, ओव्हरसियर. मी त्याच कचेरीत नकाशे काढत असे. मारेगावच्या रस्त्यावरच्या नाल्याची पाहणी त्याने केली आणि पुलाची आकडेमोड साहेबांनी माझ्याकडून करून घेतली. पुलाखाली तीन लांब तुळया होत्या आणि त्यांना बांधणाऱ्या आडव्या. गाडी मधोमध असली की आडव्या तुळया तिचं ओझं तिघींना जवळपास सारखं वाटून देतात. काठाला गेली की काठाची तुळई सहातले पाच वाटे एकटी घेते. आम्ही काठाला एक चालती गाडी धरली होती, थांबलेल्या गाड्यांची रांग धरली नव्हती.

पाहणीच्या कागदावर 'जवळची देवळे, थांबे' असा रकाना होता; तिथे काही असेल तरच आकडेमोडीत रांग धरायची. नाल्याशी शेंदूर फासलेला एक दगड होता. छप्पन्नच्या दसऱ्याला दीक्षा घेऊन आल्यावर आमच्या आईने देवघरातले टाक नदीत सोडले होते. त्या दगडाला देऊळ म्हणायला दादाचा हात धजला नाही. त्याने 'नाही' लिहिलं. मला त्याचा अभिमानच वाटला.

पुलापुढचा रस्त्याचा भराव अरुंद होता, तिथे गाडी उभी करायला जागा नव्हती. म्हणून कापसाच्या हंगामात ट्रक आणि बैलगाड्या पुलावरच, दगडाच्या अंगाला, नारळ फोडायला थांबू लागल्या. तिसऱ्या हंगामात दादाला काठाच्या तुळईच्या पोटाला केसाएवढी चीर दिसली. त्याने तिच्यावर काचेची पट्टी चिकटवली. चीर वाढली की काच तडकते. ती आठवड्यात तडकली. दुसरीही तडकली.

साहेब म्हणाले, हंगामात काठ बंद करता येणार नाही. दादाने डांबराची रिकामी पिंपं काठाला मांडली. ड्रायव्हर ती बाजूला सारत.

"दादा, तो दगडच हलव ना."

"मी हलवू?" तो हसला. "माहा हात लागला त गाव काय करीन, तुले मालूम नाही काय?"

मग तो स्वतःच लाल फडकं घेऊन काठाला उभा राहू लागला. मी डबा घेऊन गेलो, तेव्हा एक ड्रायव्हर त्याच्यावर ओरडत होता.

"ओ ओव्हरसियर, देवापाशी नाही थांबाचं त काय तुमच्या घरी थांबाचं?"

"घरी ये, चहा पाजतो. पण गाडी मधून काढ, बाबा."

"तुमचं बरं हाय. तुम्ही त देवच सोडून देल्ले!"

दादा फडकं हलवत राहिला. ट्रक गेल्यावरही पूल पायाखाली थरथरत होता.

"जाणवलं तुले?" त्याने विचारलं.

मी नाही म्हणालो.

चार दिवसांनी, भर दुपारी, कापसाने भरलेला एक ट्रक सवयीने काठाला वळला. दादा फडकं घेऊन पुढे झाला. ड्रायव्हरने ब्रेक दाबला, पण भरलेली गाडी थांबेपर्यंत दादा कठड्याशी चिरडला होता.

मी पोहोचलो तेव्हा ट्रक तिथेच उभा होता. त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा, मग बैलगाड्या. काय झालं ते पाहायला प्रत्येक जण काठाला येऊन थांबत होता. मी दादाकडे गेलोच नाही. "मांगं घ्या, गाड्या मांगं घ्या," असं ओरडत मी रांगेच्या बाजूने पळत राहिलो. लोकांना वाटलं, दुःखाने माझं डोकं फिरलं. दोघांनी मला दंडाला धरलं आणि तिथेच, काठाला, खाली बसवलं.