सदऱ्याखालचा विजेचा पट्टा

आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत तेलगू बोलणारं एक विणकर कुटुंब राहायचं. त्या घरची अक्का नसती तर माझा उजवा हात आज कामाचा राहिला नसता आणि मी सोलापुरात टिकलो नसतो. म्हणून आधी तिचं नातं सांगतो, मग हाताचं.

अक्काचा नवरा हातमागावर लुगडी विणायचा आणि ती दारात बसून रहाटावर सुताच्या कांड्या भरायची. मला ती तम्मुडा म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. मी माणदेशाकडचा, मेंढरांमागून उठून आलेला. शाळा चौथीतच सुटली. गिरणीत तुटलेले धागे जोडायचं काम लागलं, आणि काही काळानं मानेपासून करंगळीपर्यंत हात ठणकायला लागला. ठणका सोसला असता. पण पुढं करंगळी, तिच्या शेजारचं बोट आणि हाताची आतली बाजू बधिर झाली. चहाचा गरम कप टेकला तरी समजेना.

बधिर म्हटलं की आमच्याकडं एकच नाव निघतं. गावात एका माणसाची बोटं अशीच गेली होती. महारोग म्हणून त्याला ओढ्यापलीकडं खोपट घालून दिलं. त्याची बायको एका दगडावर भाकरी ठेवायची आणि तो पुढं यायच्या आत माघारी फिरायची. तो दगड मला धागा जोडतानासुद्धा दिसायचा. जॉबरला, म्हणजे आमच्या मुकादमाला, कळलं तर गिरणी सुटणार, चाळीत कळलं तर खोली, आणि गावाकडं गेलो तर तो दगड. दवाखान्यात नाव लिहून घेतात आणि तिथूनच महारोग्यांच्या वस्तीत नेतात, असंही ऐकलेलं. दवाखान्याच्या रस्त्यानंच मी जायचं सोडलं.

त्याच दिवसांत बाजारात एकानं भाड्याच्या गाळ्यात विजेच्या उपचाराचं दुकान मांडलं. वात, लकवा, बधिरपणा, सगळं घरच्या घरी बरं होतं म्हणायचा. घरच्या घरी, एवढंच माझ्या कानात शिरलं.

त्याच्याकडं तीन वस्तू होत्या. एक लाकडी पेटी. तिचा दांडा फिरवला की दोन पितळी मुठींत वीज यायची. दुसरी पेटी मोठी, काचेच्या बरण्यांत तेजाब भरलेली. तिसरा पट्टा, जाड कापडाला तांब्याच्या आणि जस्ताच्या चकत्या शिवलेल्या, तो सिरक्यात भिजवून दुखऱ्या जागी बांधायचा. त्यानं मला पेटीच्या मुठी धरायला लावल्या आणि दांडा गरागरा फिरवला. हात खांद्यापर्यंत उडाला, मुठी सोडू म्हटलं तर सुटेनात. बघणारे हसले. एक जण म्हणाला, "ईज पडली काय रं पावन्या?" मीही हसलो. पण सगळा हात उडाला तरी करंगळीला काहीच कळलं नव्हतं.

मग मी निवड केली. पेटीचा दांडा फिरवायला दुसरा माणूस लागतो, म्हणजे त्याला सांगावं लागणार. बरण्या एका खोलीत लपत नाहीत. पट्टा सदऱ्याखाली झाकला जातो. रोगाला काय लागू पडेल याचा विचारच केला नाही. लपेल ती वस्तू घेतली.

कामावरनं आलो की भिजवून कोपराखाली बांधायचा आणि सकाळी सोडायचा. थोड्याच दिवसांत चकत्यांखाली फोड आले. मला लई बरं वाटलं. आमच्याकडं मेंढरू लंगडलं की तापल्या लोखंडाचा डाग देतात, माणसालाही देतात. डाग फुलून पाणी सुटलं की रोग बाहेर पडला म्हणायचं. इथंही तसंच असणार म्हणून मी पट्टा आणखी आवळला. दुखत तर नव्हतंच.

नळावर अक्कानं माझी बाही बघितली. ओली, पिवळी. तिनं मनगट धरलं आणि बाही वर सारली.

"अक्का, शिवू नगंस," मी म्हणालो.

"का? भाजलंय की हे. कुणी भाजलं?"

मग सगळं बाहेर पडलं. बोटं, ओढा, खोपट, सगळं. सांगताना मी तिच्या हाताकडं बघत होतो, आता सोडेल, मग सोडेल. तिनं सोडलं नाही.

मी विनवलं की पट्टा बदलून पेटी आणू, दांडा तू फिरव, दवाखाना नको. ती माझ्यासोबत दुकानापर्यंत आली. दुकानदार म्हणाला, फोड म्हणजे गुण आला, आता बरण्यांची पेटी न्या.

"व्हय?" अक्का म्हणाली. "मग आज तुमीच बांधून झोपा. सकाळी फोड दाखवा, बरण्या नेतो आमी."

त्याला एकाएकी दुसरं गिऱ्हाईक आठवलं. अक्कानं पट्टा फळीवर ठेवला आणि माझं मनगट धरून थेट दवाखान्याकडं वळली. वाटेत पळून जावं असं वाटलं, पण तिची पकड सुटेना.

डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितले. कापूस लागला की सांग, सुई टोचली की सांग. मी गप्प राहायचो तेव्हा समजायचं, आता ते करंगळीवर आलेत. मग कोपरापाशी शीर चाचपली, कानाच्या पाळ्या बघितल्या, पाठीवर चट्टे शोधले. शेवटी म्हणाले, हा महारोग नाही, मानेत शीर दबली आहे. जखम पट्ट्यानं केलेली. अजून बांधत राहिला असतास तर हाडापर्यंत गेली असती.

मी पुन्हा विचारलं. ते पुन्हा तेच म्हणाले. मी परत तोंड उघडलं तेव्हा अक्कानं ढोसलं. "आता इचारलास तर कंटाळून हाय म्हणतील."

जखम भरेपर्यंत ती रोज कडुलिंबाच्या पाण्यानं धुवायची, चाळीतल्या सगळ्यांदेखत. हात पुरता बरा झालेला नाही. थंडीत ठणकतो. करंगळीला थोडी जाण आली आहे, तरी रोज उठल्यावर मी आधी तिला चिमटा काढून बघतो. भीती गेली असं खोटं कशाला लिहू?

पण धागा जोडता येतो. अक्काचे खांदे आता भरून येतात, रहाट मध्येच थांबतो. तिच्यानं होईनासं होईल त्या दिवशी तिच्या घरच्या कांड्या मी भरीन, गिरणीतनं आल्यावर, याच हातानं. तिला हे बोललो तर हसण्यावारी नेईल. तरी मी भरीन.