फ्लेक्सवरचा सरदार

दारव्ह्यात दारूचं दुकान कुठं आहे हे नवख्या माणसालाही विचारावं लागत नाही. पण दारू सोडायची असेल तर जायचं कुठं, हे एकदा विचारून बघा! सरदार मिस्त्रीनं विचारलं होतं. इथल्या दवाखान्यात सांगितलं, यवतमाळला जा. यवतमाळात सांगितलं, नागपूरला जा. जणू दारू इथली आणि दारुडे नागपूरचे! मशिदीत विचारायची सोयच नव्हती. सरदार पितो हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणीच तसं म्हणत नव्हतं.

सरदार ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. सकाळी हात इतका थरथरायचा की पाना धरायच्या आधी घोट लागायचा. डॉक्टर म्हणाला होता, आता आणखी प्यायलास तर लिव्हर जाईल आणि पाठोपाठ तू.

पत्ता लागला तो त्याच्या बायकोला, जैबुनबीला. बाजारात मिरच्या विकणाऱ्या विमलताईनं तिच्या कानात सांगितलं, "आमचे सासरे, बापूजी, दारूतून सुटले न बाई! दारू सोडणारे जुन्या शाळेत बसतात, बाजाराच्या दिवशी. पाठव तुह्या मालकाले."

जैबुनबीनं घरी येऊन सरदारच्या हातात थैली कोंबली. "थैली लेके जाओ. बाजार जा रहे समजेंगे लोग."

बाजाराचा दिवस धरला होता तो त्याचसाठी. हातात थैली असली की कुठं चाललास असं कोणी विचारत नाही. आलेला प्रत्येक जण रिकामी थैली खिडकीच्या गजाला अडकवायचा आणि जमिनीवर बसायचा. जाताना भाजी भरून घरी. इथं ऐकलेलं इथंच ठेवायचं, एवढाच कडक नियम. बापूजी पहिल्याच दिवशी सरदारला म्हणाले, "दोघं जमले तरी मीटिंग होते, बाबू. एकट्याची होत नाही. एकट्याची फक्त बाटली होते."

सरदार उभा राहिला. "मी सरदार. मी दारुडा हाये." एवढं बोलायला त्याला घाम फुटला. पण पुढच्या बाजाराला तो पुन्हा आला, त्याच्या पुढच्यालाही आला. उन्हाळा गेला, पेरण्या झाल्या, आणि हातातला पाना थरथरायचा थांबला.

आता किसनरावांचं ऐका. देशी दारूचं दुकान मेहुण्याच्या नावावर आणि चौकातले फ्लेक्स स्वतःच्या, अशी यांची समाजसेवा. ट्रॅक्टर घेऊन आले तेव्हा म्हणाले, "काहून रे, दिसत नाही आजकाल?" सरदार आनंदात होता. सांगून बसला. आपण कुठं जातो, कधी जातो, सगळं.

आठवड्याच्या आत बसस्टँडच्या चौकात फ्लेक्स लागला. 'दारूमुक्त सरदारभाई यांचे हार्दिक अभिनंदन! आपणही या. दर बाजारी, जुनी शाळा. शुभेच्छुक, किसनराव.' सरदारचा फोटो ताटाएवढा, हात जोडलेल्या किसनरावांचा दाराएवढा.

कोणी मागितलं होतं हे? नालीशेजारी पडलेला सरदार इतकी वर्षं गावाला दिसला नव्हता, सुधारलेला मात्र लगेच दिसला. ज्यांनी कधी अवाक्षर काढलं नाही, तेच घरी येऊन जैबुनबीला विचारू लागले, "शराब पीता था क्या?" मीटिंगला खेड्यावरून जीपनं येणाऱ्या उकंडाच्या पोरीची सोयरीक चालली होती. त्यानं फ्लेक्स वाचला आणि आल्या जीपनं परत निघाला. बापूजींना तर सुनेनंच, विमलताईनं, अडवलं, म्हणाली, उद्या तुमचंही तोंड चौकात टांगतील.

त्या बाजारी शाळेच्या खिडकीला सरदारची सोडून एकही थैली नव्हती. सरदार बसून राहिला आणि थैली घेऊन उठला. पाय कुठं चाललेत हे त्याला चौकात आल्यावर कळलं. समोर किसनरावांचं दुकान होतं, घसा कोरडा पडला होता, आणि डोक्यावर त्याचाच हसरा फोटो होता.

 तो गॅरेजमधून शिडी घेऊन आला आणि भर बाजारात, सगळ्यांदेखत, वर चढून दोऱ्या कापायला लागला.

किसनराव दुकानातून धावत आले. "अबे, काहून काढून राह्यला? सत्कार केला न तुहा!"

"तुमच्या दुकानापुढं पडून राहत होतो, तवा कायले नाही लावला माहा फोटू?" सरदार वरून ओरडला. "तवा लावा लागत होता! खाली लिहा लागत होतं, शुभेच्छुक किसनराव!"

बाजार हसला. किसनरावांनी गॉगल लावला आणि जीपमध्ये जाऊन बसले.

फ्लेक्सची गुंडाळी काखेत मारून सरदार शाळेत परतला. पांढरी बाजू वर करून तो त्यानं जमिनीवर अंथरला, थैली पुन्हा गजाला अडकवली आणि बसला. एकट्याची मीटिंग होत नाही, हे त्याला पाठ होतं. शिडीवरचा राग उतरला होता, तहान उतरली नव्हती. बाहेर बाजार उठायला लागला. आता कोणी आलं नाही तर आपण पुन्हा चौकात जाऊ, हे त्याला स्पष्ट कळत होतं आणि त्याची त्याला भीती वाटत होती.

गजाला दुसरी थैली अडकली.

दारात जीपमधून उतरून आलेला उकंडा उभा होता. "काढला म्हने तो?"

"काढला. बस त्याच्यावरच."

उकंडानं चपला काढल्या, फ्लेक्सवर मांडी घातली आणि घसा साफ केला.

"मी उकंडा," तो म्हणाला. "मी दारुडा हाये."