जामच्या वळणावरचा नकाबवाला

ती घटना आठवली की निवृत्तीनंतर आजही माझी मान जरा ताठ होते.

हिंगणघाट-जाम पट्ट्यातल्या एका ठाण्यात मी तेव्हा ठाणेदार होतो. ऐन एप्रिल, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसे. अशा भर दुपारी जामजवळच्या एका वळणावर आठवड्याभरात दोन पोट्ट्यांना कुणा नकाबवाल्याने झोडपलं. डोळ्यांत तिखट, पोटरीवर काठी आणि मोटारसायकलच्या किल्ल्या नाल्यात. टाकीवर कागद चिकटवलेला. त्यावर काळ्या नकाबाचं चित्र, खाली लिहिलेलं, 'पोरी छेडणारा'.

दोघंही तसलेच होते, त्यामुळे गाव खूश! आमचे हवालदार तर कागद बघून हरखलेच. "साहेब, हे तं जुन्या मासिकातल्या हिरोवानी झालं!" त्या रहस्यकथा आम्ही दोघांनीही लहानपणी भाड्याने आणून वाचलेल्या. नकाब घालून यायचं, दुष्टांना धडा शिकवायचा, खूण ठेवून पसार व्हायचं. मी म्हटलं, "हवालदार, तुम्ही वाचक नाही, पोलीस आहात. पंचनामा लिहा."

तिसरा मार बसला लाल मोटारसायकलवरून चाललेल्या एका भाजीवाल्याला. वांगी-मेथी पिकवून आठवडी बाजारात विकणारा पन्नाशीचा गृहस्थ. येणाऱ्याजाणाऱ्यांनी कागदासकट त्याचे फोटो काढले आणि संध्याकाळपर्यंत ते घरोघरी मोबाइलवर पोचले. सुजलेल्या डोळ्यांनी तो ठाण्यात आला, खुर्ची दिली तरी बसेना.

"साहेब, मार गेला उडत. पोरीचा साखरपुडा ठरलाय, अन् पाव्हणे म्हणतात थांबा. सारं गाव म्हणते नकाबवाला चुकत नाई. मले त्याच्याच तोंडून वदवून द्या का तो छेडणारा मी नव्हतो. माह्या पोरीचं कसं होईन?"

गुन्हा दाखल केला, जबाब घेतला. त्यात एक वाक्य होतं : "म्या त्याचं फडकं धरून ओढलं, पण हललंच नाई बापा." ते माझ्या डोक्यात अडकून बसलं. गड्यांचा रुमाल एका हिसक्यात सुटतो.

वळणाच्या अलीकडे आमच्या खबऱ्याची चहाची टपरी होती. त्याला विचारलं तर म्हणाला, "त्या टायमाले इकून एकही गडी गेला नाई साहेब. पोरी गेल्या गाडीवर, त्या तं रोजच्याच."

दुसऱ्या दिवशी आमची महिला शिपाई ड्युटीवर आली. स्कूटी लावली आणि तोंडाचा स्कार्फ सोडू लागली. आमच्या भागात उन्हाळ्यात प्रत्येक पोरगी असाच स्कार्फ गुंडाळते, फक्त डोळे दिसतात. मी ओरडलो, "थांब! परत बांध. आता ओढून बघ." साहेबांना ऊन लागलं असं तिला वाटलं असणार. तिने बांधला, जोर लावून ओढला. जागचा हलला नाही. अरे देवा! सगळा तालुका नकाब शोधतोय आणि नकाब रोज आमच्या नाकासमोरून कॉलेजला जातायत.

मग मार खाल्लेल्या दोघा बहाद्दरांना वेगवेगळं बसवलं. दोघांच्याही जबाबात "चार-पाच धिप्पाड गडी" होते, भाजीवाल्याच्या जबाबात मात्र एकटाच. माझ्या चौकशीत हात उचलायचा नाही हा नियम, आणि तो शेवटपर्यंत पाळला याचा मला अभिमान आहे. चहा मागवला आणि सहज विचारलं, "पोरीच्या हातचा मार सांगायची लाज वाटते का रे?"

एकाचा कप ओठापाशीच थांबला. "साहेब, कोणाले सांगू नका." हे दोघं आणि त्यांचा लाल गाडीवाला तिसरा दोस्त महिनोन्‌महिने ज्या मुलीची वाट अडवत होते, तिचंच नाव निघालं. आवाजावरून त्याने तिला ओळखलं होतं.

महिला शिपायाला घेऊन मी तिच्या घरी गेलो. मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, आई शेजारी बसलेली. फळीवर आजोबांची जुनी मासिकं दिसली. मुलीने काहीही नाकारलं नाही.

"तक्रार काऊन नाई केली?"

"केली असती तं बाबांनं कॉलेजच बंद केलं असतं."

"अन् तो भाजीवाला?"

"गाडी तीच होती, लाल."

"तशीच होती. चेहरा पाहिला?"

"उन्हानं दुपट्टा बांधून होता तोंडाले."

"तुझ्याही तोंडाले होताच."

मी तिला साखरपुड्याचं सांगितलं. तिचे डोळे भरून आले. "पण गोष्टीतला तो कधी चुकत नाई, साहेब."

"गोष्ट लिहिणाऱ्याले आधीच ठाऊक असते बाई, चोर कोण हाय ते. आपल्याले नसते."

तिने ओढणीने डोळे पुसले. मग म्हणाली, "मीच सांगीन, बाजारात."

कायद्यात सूट दिली नाही. तिच्यावर गुन्हा नोंदला आणि तिच्या तक्रारीवरून त्या तिघांवरही. पण कोर्टाच्या तारखेपर्यंत भाजीवाल्याचं नाव कोण सांभाळणार?

बाजाराच्या दिवशी ती आली. डोक्यावर ऊन, तोंड उघडं. थेट भाजीवाल्याच्या दुकानासमोर उभी राहिली. खणखणीत बोलली, "नकाबवाला मीच हाय. तो छेडणारा हे काका नव्हते. म्या चेहरा न पाहता मारलं. चूक माही हाय."

भाजीवाला उठला, तशी महिला शिपाई पुढे सरकली. मी तिला हातानेच थांबवलं. त्याने खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि मुलीपुढे धरला.

"एवढ्या उन्हात उघड्या तोंडानं आली व्हय, पोरी? घे, बांध हे."

साखरपुडा झाला, मी जेवूनही आलो. कोर्टात पुढे मुलीची आणि भाजीवाल्याची तडजोड झाली. त्यानंतर पोरी तक्रार द्यायला सरळ ठाण्यात येऊ लागल्या. खुर्चीवर बसायच्या, स्कार्फ सोडायच्या आणि नाव सांगायच्या. न्याय करायचा तर आधी समोरच्याचा चेहरा पाहावा लागतो आणि आपलाही दाखवावा लागतो, हे मला त्या वळणाने शिकवलं.

पदकं मला फारशी मिळाली नाहीत. पण त्या दिवशी त्या बाजारात मी वर्दीत उभा होतो, हे मात्र छाती पुढे काढून सांगतो.