डेलियाच्या आजोबांचा पराक्रम

डेलिया कॅफर्की आणि मी इंग्लंडमधल्या बर्नलीच्या एकाच कापडगिरणीत वीस-बावीस वर्षं शेजारशेजारच्या मागांवर उभ्या होतो. मागांच्या खडखडाटात ओरडूनही ऐकू जायचं नाही, म्हणून आम्ही विणकरणी ओठांवरूनच बोलणं ओळखायचो. आवाज न काढता केवढी भांडणं केली, किती लग्नं जमवली! चर्चमध्ये डेलिया मागच्या बाकावर बसे आणि पलीकडच्या रांगेत कोण कुणाची उणीदुणी काढतंय ते प्रार्थना संपायच्या आत मला सांगे.

गिरणी बंद झाली आणि डेलियाला घर खायला उठलं. लग्न केलेलं नव्हतं. घरी ती आणि तिचे वडील मायकलबाबा. बाबा सत्तरी उलटलेले, पण आयरिश क्लबात रोज हजेरी. तिथे त्यांची एक गोष्ट ठरलेली होती. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे ओवेन कॅफर्कीने, आयर्लंडच्या अ‍ॅकिल बेटावर जमीनदाराच्या कारभाऱ्याला घोड्यावरून खेचून चिखलात लोळवलं आणि पोलीस मागे लागले म्हणून रातोरात इंग्लंड गाठलं.

"गाव कुठलं, बाबा?" डेलियाने एकदा विचारलं.

"बेटावरचंच. आई कधी बोलायचीच नाही. तिकडचा विषय निघाला की उठून भांडी घासायला लागायची. घासलेली पुन्हा घासायची."

डेलियाच्या डोक्यात किडा शिरला. "एडना, बॅग भर," ती मला म्हणाली. "आपण जाऊन बघू."

बोट, आगगाडी, मग बस, असं करत आम्ही अ‍ॅकिलला पोचलो. वारा असा की डोक्यावरचा रुमाल धरावा की स्कर्ट, ते ठरेना. तिथले पाद्रीबाबा भले माणूस, पण आडनाव ऐकून हसायलाच लागले. "कॅफर्की? बाई, इथे दगड भिरकावला तर कॅफर्कीलाच लागेल." दारोदार फिरलो. चहा पिऊन पिऊन पोटाचा तंबोरा झाला, पण कारभाऱ्याला लोळवणारा ओवेन कुणाच्या ऐकिवात नव्हता.

रविवारी चर्चमधली प्रार्थना आटोपल्यावर आम्ही गुत्त्यात शिरलो. आत अकॉर्डियनचा दणका चाललेला, शेजारचं बोललेलं ऐकू येत नव्हतं. डेलिया दारापाशीच थबकली. पार टोकाला, शेकोटीजवळ, काळी शाल घेतलेली एक म्हातारी शेजारणीच्या कानाशी लागली होती. डेलियाने माझा दंड घट्ट धरला. मीही बघितलं. म्हातारीचे ओठ स्पष्ट सांगत होते, "ती दारातली उंच बाई बघ. ते नाक बघ! आई सांगायची तसंच, शंभर टक्के ओवेन कॅफर्कीचं. माझ्या मावशीला घेऊन पळालेलं ते गाढव!"

डेलिया माणसं बाजूला सारत सरळ तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. "ते गाढव माझे आजोबा," ती म्हणाली.

म्हातारीच्या हातातला पेला तिरका झाला. "अगं बाई! तुला ऐकू कसं गेलं?"

"ऐकलं कुठे? बघितलं."

मग सगळं बाहेर आलं. ओवेनचं लग्न ठरलं होतं सबीना लव्हेलशी. पाव भाजून झाले होते, वाजंत्री सांगितली होती. आणि लग्नाच्या आदल्या दिवशी नवरामुलगा सबीनाच्या धाकट्या बहिणीला, ऑनरला, घेऊन पसार झाला. ऑनर म्हणजे डेलियाची आजी. ही म्हातारी सबीनाची लेक, ऑनर मोरन.

डेलियाचा चेहरा उतरला. "म्हणून आजी जन्मभर तोंड लपवून राहिली. तुझ्या आईने तिला शिव्याशाप दिले असतील."

"शिव्याशाप? राग असता तर पहिल्या लेकीला, मला, तिचंच नाव ठेवलं असतं होय? आई म्हणायची, बला टळली. पुढे तिने बोटवाला मोरन केला, आठ पोरं झाली, मजेत राहिली. दर नाताळला खिडकीत मेणबत्ती लावताना म्हणायची, माझी ऑनी एकदा तरी येऊ दे." म्हातारीने डेलियाला खाली ओढून शेजारी बसवलं. "आणि मी म्हणते, बरं झालं. नाहीतर ते नाक माझ्या वाट्याला आलं असतं!"

तिच्या घरी आम्ही आठवडाभर राहिलो. उकडलेले बटाटे, कोबी आणि खारवलेलं डुकराचं मांस. नको म्हटलं की तिला राग यायचा.

घरी परतल्यावर मायकलबाबांना सांगायची डेलियाला भीती वाटत होती. तिने अडखळत सगळं सांगितलं. बाबांनी चिमट्याने विस्तवातले कोळसे वरखाली केले.

"म्हणजे कारभारी नव्हताच?"

"नव्हता, बाबा."

"आणि दोघी बहिणींना तोच आवडला होता?"

"एकीचा विचार बदलला म्हणे."

"तरी सुरुवातीला दोघींना!" बाबांच्या मिशा हलायला लागल्या आणि मग ते असे खदखदून हसले की खोकल्याची उबळ आली, पाणी पाजावं लागलं.

पुढच्या उन्हाळ्यात ऑनर मोरन बर्नलीला आली. स्टेशनवर बाबा आपल्या मावसबहिणीसमोर टोपी हातात घेऊन शाळकरी पोरासारखे उभे. तिने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "नाक बापाचं, पण डोळे आमच्या लव्हेलांचे. चालशील," म्हणाली आणि बॅग त्यांच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं टेकडीवरच्या दफनभूमीत गेलो. आजीच्या थडग्यापाशी ऑनर काठीवर रेलून उभी राहिली. मला वाटलं, आता डोळे पुसेल. पण ती चांगली खडसावून म्हणाली, "काय गं मावशी! एक पत्र टाकायला काय झालं होतं? आई वाट बघायची ना!" मग खाली वाकून दगडावरचं शेवाळ नखाने खरवडायला लागली. डेलियाही शेजारी बसली. दोघी कितीतरी वेळ खरवडत होत्या, आणि सोडा घातलेल्या पावाचं पीठ ताकात भिजवावं की दुधात, यावरून भांडत होत्या.

आठवड्यासाठी आलेली बाई सप्टेंबरपर्यंत हलली नाही.