क्रेगीबर्नच्या गॅरेजमधला वाढदिवस

कॅनबेरातल्या गुंगालिनहून निघालो तेव्हा गाडीच्या काचेवर बर्फाचा थर होता आणि मागच्या सीटवर भाताचा कुकर. काच मी एका जुन्या कार्डाने खरवडून काढली. कुकरचं मात्र काही करता येण्यासारखं नव्हतं, कारण तो लोलाने मांडीवर घेतला होता आणि त्याच्यावरून सीटबेल्टही लावून घेतला होता.

लोला म्हणजे फिलिपिनो भाषेत आजी. ही आजी बेयाची, आणि बेया माझ्या मुलीची, रेवाची मैत्रीण. दोघी पंधरा वर्षांच्या, एकाच वर्गातल्या आणि एकाच कोरियन गायकाच्या भक्त. गायकाचं नाव इथे देत नाही. ते माझ्या हातून चुकीचं लिहिलं गेलं, तर मला घरात घेणार नाहीत. बेया काही वर्षांपूर्वी आईबरोबर फिलिपिन्समधल्या बातांगासहून कॅनबेराला आली. आमच्या घरी येते तेव्हा इतकं हळू बोलते, की मी टीव्हीचा आवाज कमी करतो. तिची आई नर्स आहे आणि त्या शनिवार-रविवारी तिला शिफ्ट होती, म्हणून मुलीवर लक्ष ठेवायला तिने लोलाला पाठवलं होतं.

रेवाने मला एवढंच सांगितलं होतं, की मेलबर्नला एका मित्राचा वाढदिवस आहे, आम्हाला सोडशील का? मेलबर्नच्या उत्तरेला क्रेगीबर्नमध्ये माझा कॉलेजमधला मित्र प्रसाद राहतो. त्याला भेटून बरेच दिवस झाले होते, शाळांना सुट्टी होती, मी शुक्रवारची रजा टाकली. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून मुलग्यासाठी एक निळा शर्टही घेऊन ठेवला.

यास गावाच्या पुढे ह्यूम हायवे लागला, की दोन्ही बाजूंना पिवळं गवत, मेंढ्या आणि पुन्हा मेंढ्या. मागे पोरी कोरियन गाणी म्हणत होत्या, शब्दन् शब्द पाठ. मी रेवाला मराठीत काही विचारलं, की ती इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची. लोला बेयाशी तागालोगमध्ये बोलायची, बेयाचं उत्तरही इंग्लिशमध्येच. आरशात माझी आणि लोलाची नजरानजर झाली. आमची ओळख खरी तिथे झाली.

होलब्रूक नावाच्या गावात रस्त्याकाठच्या बागेत एक पाणबुडी ठेवलेली आहे. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर लांब. ती तिथे का आहे हे पाटीवर लिहिलं होतं, पण ते वाचायच्या आधीच लोलाने बाकावर डबे मांडले. पान्सित (तांदळाच्या बारीक शेवया, भाज्या आणि मांस घालून परतलेल्या) माझ्यापुढे आलं. मी शाकाहारी असल्याचं तिला आधीच कळवलेलं होतं. तिने खरोखरच चिकनचे सगळे तुकडे वेचून काढले होते. कोळंबी ठेवली होती. कोळंबी खात नाही म्हटल्यावर ती बराच वेळ माझ्याकडे काळजीने बघत राहिली आणि मग तिने मला नुसता भात वाढला.

पोरी पाणबुडीवर चढून फोटो काढत होत्या. बोलायचं म्हणून मी लोलाला विचारलं, वाढदिवस ज्याचा आहे तो अंगाने कसा आहे, कारण मी मीडियम साइजचा शर्ट घेतलाय.

लोला म्हणाली, “बारीक आहे. पण तो येणार नाही.”

“का?”

“तो कोरियात असतो.”

“मग आपण कुठे चाललोय?”

“त्याच्या वाढदिवसाला,” ती म्हणाली आणि कोळंबी खायला लागली.

हळूहळू उलगडा झाला. आवडत्या कलाकाराच्या वाढदिवसाला चाहत्यांनी एखाद्या कॅफेत जमायचं, त्याचा फोटो छापलेल्या कपांतून कॉफी प्यायची, केक कापायचा, नाचायचं, असा हा प्रकार. सुरू झाला कोरियात, पण फिलिपिनो पोरांनी तो असा काही मनावर घेतला आहे, की लोलाच्या गावातही कोपऱ्याकोपऱ्यावर त्या कोरियन मुलांना शुभेच्छा देणारे टार्प लागतात. टार्प म्हणजे आपला फ्लेक्सच. गाडीच्या डिकीत गुंडाळी होती ती त्याचीच. मग मला एकदम घरच्यासारखं वाटलं. वाढदिवसाचे फ्लेक्स बघतच मी पुण्यात मोठा झालो. त्यांच्यावरची मंडळीही कधी समोर आली नव्हती.

मेलबर्नचा हा कार्यक्रम कोण करतंय, असं विचारल्यावर लोलाने पाणबुडीकडे हनुवटी केली. बेया. व्हिक्टोरिया राज्यभरातली फिलिपिनो पोरं यायची होती, एक मुलगी तर अॅडलेडच्या मॉसन लेक्सहून रात्रभर बसने. हे सगळं त्या आवाज न फुटणाऱ्या पोरीने फोनवरून जुळवलं होतं.

“कोरियन मुलाच्या वाढदिवसाला तुम्ही का एवढं रांधताय?” मी विचारलं.

लोलाला प्रश्नच कळला नाही. वाढदिवसाला लांब शेवया लागतात, म्हणजे आयुष्य लांब होतं. मुलगा कुणाचा का असेना.

संध्याकाळी क्रेगीबर्नला पोचलो. प्रसादची बायको मंजिरी तिथल्या मंडळाची गणपतीची सजावट करते, त्यामुळे त्यांच्या डबल गॅरेजमध्ये गाडी सोडून सगळं असतं. चहा हातात आला आणि बेयाचा फोन वाजला. ज्या कॅफेत उद्या कार्यक्रम होता तिथला पाइप फुटून सगळीकडे पाणी झालं होतं. दुसरी जागा बघा.

बेया उठून कपडे धुवायच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. लोला दाराबाहेर उभी राहून काहीतरी सांगत होती. रेवा माझ्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, “बाबा, काहीतरी कर ना.”

मराठीत म्हणाली. मला आठवतं तेव्हापासून तिने आपणहून मराठीत मागितलेली ती पहिली गोष्ट असेल. मी प्रसादकडे बघितलं. प्रसादने मंजिरीकडे बघितलं. मंजिरी म्हणाली, “गॅरेज रिकामं करायला मी मदत करणार नाही, एवढं आत्ताच सांगते.”

सकाळी सगळ्यात आधी गॅरेजमध्ये तीच होती. तिची अट एकच: मखर घ्या, झेंडूच्या माळा घ्या, लायटिंग घ्या, पण बाप्पाच्या चौरंगावर त्या पोराचा फोटो ठेवायचा नाही. बेयाने हे फार गंभीरपणे ऐकून घेतलं आणि चौरंग स्वतः उचलून आत नेऊन ठेवला. फोटो बार्बेक्यूच्या टेबलावर बसला. मागे सोनेरी मखर, वर फिरती लायटिंग, मध्ये गुलाबी केसांचा मुलगा. टार्प गॅरेजच्या बाहेर रस्त्यावरून दिसेलसा लावला. लोलाने मागच्या अंगणात प्रसादच्या वोकमध्ये पान्सित परतायला घेतलं. मंजिरीचं स्वयंपाकघर शाकाहारी, म्हणून दोघींनी न बोलता अंगणाच्या दारात हद्द आखून घेतली. पलीकडून कोबी-गाजर चिरून यायचं, अलीकडे कोळंबी पडायची. माझ्यासाठी मात्र मंजिरीने वेगळी कढई काढली.

दुपारी मी आणि प्रसाद क्रेगीबर्न स्टेशनावरून पोरं आणायच्या खेपा घालत होतो. प्रत्येक ट्रेनने आणखी उतरायची. कुणाचे केस निळे, कुणाच्या बॅगेला गायकाचे इतके बिल्ले, की चालताना घुंगरांसारखा आवाज. दारात बूट काढायचे, एकमेकांना कोरियन पद्धतीने कमरेत वाकून नमस्कार, आणि मग यजमान कोण म्हणून विचारायचं. पहिल्या मुलाने प्रसादचा हात धरून स्वतःच्या कपाळाला लावला. याला मानो म्हणतात, मोठ्या माणसांचा आशीर्वाद घ्यायची त्यांची रीत. प्रसादला वाटलं, पोराला ताप आहे की काय ते बघायचंय. त्याने नीट कपाळ चाचपून बघितलं आणि म्हणाला, “नो वरीज, मेट, ताप नाहीये.” पण मागे रांग लागली होती. पंचेचाळिशीतला प्रसाद, रोज जिमला जाणारा, तासाभरात आजोबा झाला. रांगेच्या शेवटी रेवा होती. तिनेही त्याचा हात कपाळाला लावला. प्रसाद माझ्याकडे बघून म्हणाला, “दिवाळीला कधी वाकली नाही रे ही.”

आणि बेया? ती मखराशेजारी खुर्चीवर उभी होती आणि तिचा आवाज रस्त्यापर्यंत जात होता. तागालोग, इंग्लिश, मध्येच कोरियन. नाचाला कोण पुढे, कोण मागे, कप कुणी वाटायचे, सगळं ती सांगत होती आणि एवढी पोरं निमूट ऐकत होती. लोला वोकमधला कालथा तसाच धरून बघत राहिली. शेवया थोड्या लागल्या. मी वोक खाली उतरवला.

मग केक कापला. ज्याचा वाढदिवस तो नाही, म्हणून भरवायचं कुणाला यावर थोडी चर्चा झाली. शेवटी बेयाने पहिला तुकडा लोलाला भरवला आणि तिला तागालोगमध्ये काहीतरी सांगितलं. लोलाने मला अर्थ सांगितला नाही. एप्रनने तोंड पुसलं आणि मंजिरीला विचारलं, आणखी कोबी आहे का?

रविवारी परतताना रेवा आणि लोला मागे झोपल्या होत्या, बेया माझ्या शेजारी बसली होती. अल्बरीजवळ पाऊस लागला. मी तिला विचारलं, हा मुलगा तुला एवढा का आवडतो?

“खरं सांगू, टिटो?” टिटो म्हणजे काका. “आता इतका नाही आवडत. मला दुसऱ्या ग्रुपचा एक आवडतो.”

“मग हे सगळं?”

ती आपल्या नेहमीच्या आवाजात बोलली, मला वायपर हळू करावे लागले. कॅनबेराला आली तेव्हा शाळेत तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. या गायकाच्या चाहत्यांच्या ग्रुपवर मात्र सगळे तिच्यासारखंच अर्धं तागालोग, अर्धं इंग्लिश बोलायचे. “त्याचा वाढदिवस नसता, तर त्या सगळ्यांना काय म्हणून बोलावलं असतं?” तिने विचारलं.

मी पुण्याहून इथे आलो, तेव्हा दर शनिवारी एका मराठी घरी भजनाला जायचो. मला भजनातलं काही कळत नाही. नंतर पोहे असायचे, आणि माणसं. हे मी बेयाला सांगितलं नाही, पण गुंगालिन येईपर्यंत तिने लावलेली गाणी बंद कर असं एकदाही म्हणालो नाही.

आठवड्याने प्रसादचा फोन आला. टार्प अजून गॅरेजवरच होता, काढायला वेळ मिळाला नव्हता. शेजारच्या रे नावाच्या म्हाताऱ्याने त्यांच्या पोस्टबॉक्समध्ये शुभेच्छापत्र टाकलं होतं: तुमच्या मुलाला वाढदिवसाच्या शुभेच्छा, पोरगा गुणी दिसतो.

“मग तू काय म्हणालास?” मी विचारलं.

“थँक्यू म्हटलं. सांगितलं, सध्या सेऊलला असतो, कामात असतो फार.”

मागून मंजिरीचा आवाज आला, “आणि घरी फोन करत नाही म्हणावं.”