सोयीचा प्याला

मास्तर प्रार्थना करू लागले की वर भांडण जुंपले आहे असे खालच्या माणसाला वाटे. रावपुऱ्यात एका बोहरी व्यापाऱ्याच्या दुकानावरची खोली त्यांनी भाड्याने घेतली होती. पहाटे दूधवाले गल्लीतून जात तेव्हा खिडकीतून आवाज येई, "अरे, तुला दिसत नाही का? दिसतं ना? मग गप्प का बसलास?" नवखा माणूस थांबून वर बघे. जुना दूधवाला त्याला पुढे ढकली. "चालो, चालो. कांई नथी. मास्तर भगवान जोडे लडे छे." काही नाही, मास्तर देवाशी भांडताहेत.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत त्यांना सगळे रागीट मास्तर म्हणत. तोंडावर अर्थात नुसते मास्तर. घराणे शिलेदाराचे. आजोबा गायकवाडांच्या घोडदळात होते, वडिलांनी तलवार भिंतीला टांगून कचेरीत नोकरी धरली, आणि मास्तर संस्थानच्या मराठी शाळेत शिकवीत. विशीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरच्यांनी मेलेल्या माणसासाठी करतात तसे त्यांच्या नावाने मडके फोडले आणि नाते संपवले. ही गोष्ट ते क्वचितच सांगत आणि सांगितली तर एकाच वाक्यात सांगत. "माझं मडकं फुटून तीस वर्षं झाली आणि मी अजून पाणी पितोय."

मी नगरकडून बडोद्यास आलो तो संस्थानच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या याद्या करण्यासाठी. ख्रिस्ती घरात जन्मलेला, मऊ बोलणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. मास्तरांनी मला पहिल्याच रविवारी पुस्तकराव हे नाव ठेवले. एकदा मंडळीतले कोणी गृहस्थ मला सर्वांदेखत टाकून बोलले. मी हसून गप्प राहिलो. वाटेत मास्तर म्हणाले, "पुस्तकराव, तुम्हाला राग कसा येत नाही?"

"स्वभाव नाही, मास्तर."

"स्वभाव नाही, की सवय नाही?"

 त्यांना उत्तर नको होते. ते तरातरा पुढे निघून गेले.

रोज पहाटे, देवाशी भांडून झाले की, ते एक चिंतन लिहीत. शास्त्रातला एक उतारा वाचायचा आणि त्यावर दहा ओळी. मुलांच्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर, बोरूने, ठळक अक्षरात. मग तो कागद घेऊन ते कॅम्पाकडच्या आमच्या उपासना मंदिरापर्यंत चालत जात आणि दाराजवळच्या खिळ्याला अडकवून शाळेत जात. आदल्या दिवशीचा कागद काढून आणीत आणि त्याने शेगडी पेटवीत. मी एकदा तो मागितला तेव्हा वैतागले. "कालची भाकर आज कशाला हवी? रोज नवी मागायला सांगितलंय." तरी त्यांचा डोळा चुकवून मी बरेच कागद जमवले. ते आज माझ्याजवळ आहेत.

त्या चिंतनांत गोडवा शोधून सापडत नसे. बडोदे हे कारकुनांचे आणि अर्जांचे गाव. मास्तर लिहीत, "आज सकाळी देवाजवळ काय काय मागितलेस ते आठव. त्यात शेजाऱ्यासाठी किती होते? काहीच नसेल, तर ती प्रार्थना नव्हती, अर्ज होता." दुसऱ्या एका कागदावर आहे, "डोळे मिटून प्रार्थना कर, पण आधी ते उघडून भोवताली बघून घे." प्रभूने देवळातल्या बाजारकऱ्यांना चाबकाने हाकलले त्या प्रसंगावर तर ते वर्षातून चारदा लिहीत. आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, हसून म्हणत, "मास्तर, बाकीचं शास्त्रही मोठं आहे हो." मास्तर म्हणत, "मोठं आहे. पण बाजार उठलेला नाही अजून."

आमच्या मंदिरात दोन उपासना होत. आठ वाजता मराठी, दहा वाजता गुजराती. मराठीला आम्ही चाळीसेक माणसे, कोणी कारकून, कोणी शिक्षक, कोणी कंपाउंडर. गुजरातीला बाजव्याकडच्या खेड्यांतून वणकर लोक पायी येत, बायकामुलांसह, आमच्या चौपट. पूर्वी गावाने ज्यांना शिवू दिले नाही असे हे लोक. आम्ही घरी पोचून जेवायला बसत असू तेव्हा ते मंदिरात गात असत. दोघांचे पाळक एकच. एकाच इमारतीत आम्ही इतकी वर्षे एकमेकांना भेटलो नाही, आणि त्यात काही विपरीत आहे हे कोणाच्या मनात आले नाही. माझ्याही आले नाही.

खिळ्यावरचे चिंतन त्या लोकांना वाचता येत नसे. त्यांच्यातली जीवीबेन नावाची एक म्हातारी एका रविवारी मास्तरांना अडवून म्हणाली, "मास्तरसाहेब, आ कागळमां शुं लख्युं छे? अमने तो कहो!" या कागदात काय लिहिले आहे, आम्हाला तरी सांगा. झाले. त्या दिवसापासून मास्तर आठची उपासना आटोपली की आवारातल्या लिंबाखाली उभे राहून चिंतन गुजरातीत सांगू लागले. त्यांची गुजराती म्हणजे मराठीलाच गुजराती टोपी घातलेली. लोक मान डोलवीत.

एकदा विषय होता देवाचा कोप. मास्तरांनी मूठ वर केली आणि गरजले, "आजे प्रभुनो राग सांभळो!" त्यांना म्हणायचे होते, आज प्रभूचा राग ऐका. पण गुजरातीत राग म्हणजे चाल, गाण्याचा सूर. जीवीबेनचा चेहरा उजळला. तिने डोळे मिटले आणि भजनच सुरू केले. तिच्यामागे सगळ्यांनी धरले. मास्तर हात हलवीत ओरडत होते, "अरे, राग! राग म्हणजे राग!" जितके ओरडत तितका लोकांना वाटे, वरच्या पट्टीत घ्यायला सांगताहेत. मला हसू आवरेना. मास्तरांचा हात वरच राहिला, मग हळूहळू खाली आला, आणि ते लिंबाच्या पारावर बसून शेवटपर्यंत ऐकत राहिले.

दुसऱ्या दिवशीचा कागद माझ्याजवळ आहे. "मी राग म्हणालो, त्यांनी गाणे ऐकले. कोण चुकले ते मला ठरवता येत नाही. ज्यांनी जन्मभर माणसांचा राग ऐकला, त्यांनी देवाकडून गाण्याचीच अपेक्षा केली. मी मात्र त्यांना भीती द्यायला निघालो होतो."

मग जीवीबेनने त्यांना एकदा आपल्या लोकांबरोबर बसायला बोलावले. "एक वार अमारी साथे बेसो ने, मास्तर." महिन्याचा पहिला रविवार होता, प्रभुभोजनाचा. मास्तर आठला आमच्याबरोबर जेवले, म्हणजे भाकरीचा तुकडा आणि चांदीच्या प्याल्यातला द्राक्षरस घेतला, आणि दहाला पुन्हा जाऊन मागच्या बाजूच्या एका ओळीत जीवीबेनजवळ बसले. तिथे त्यांनी पाहिले की चांदीचा प्याला पुसून, रुमालात गुंडाळून कपाटात गेला आहे, आणि पाळकसाहेबांच्या हातात पितळेचा प्याला आहे. आतली कल्हई उडालेली. जीवीबेन पिऊन हळूच त्यांना म्हणाली, "थोडुं मोढुं बगडे, पण प्रभुनुं छे ने." तोंड जरा बिघडते, पण प्रभूचे आहे ना.

तो पितळी प्याला मी कपाटात अनेकदा पाहिला होता. फुलांसाठी असेल असे मला वाटले होते. हे मी खरे सांगतो आहे आणि सांगताना मला माझी किळस येते.

मास्तर तसेच पाळकसाहेबांच्या खोलीत गेले. मी दारात होतो.

"हा काय प्रकार आहे?"

"प्रकार कसला, मास्तर? ही एक मंडळी, ती एक मंडळी. भाषेच्या सोयीसाठी वेगळ्या बसतात."

"भाषेच्या? द्राक्षरस मराठीत बोलतो?"

"तुम्ही उगाच गैरसमज करून घेताय. कुणाला कमी लेखलेलं नाही. आपले काही लोक अजून जुन्या विचारांचे आहेत. ते दुखावू नयेत म्हणून ही सोय आहे."

"कुणाची?"

 मास्तरांचा आवाज एकदम उतरला, आणि तो उतरलेला आवाज मला त्यांच्या गर्जनेहून भयंकर वाटला. "माझ्या घरच्यांनी माझं मडकं फोडलं, पाळकसाहेब. पण भर चौकात फोडलं, चार लोकांना बोलावून. रुमालात गुंडाळून नाही."

त्यानंतर मंडळीच्या वडिलांच्या, म्हणजे कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांच्या, बैठका झाल्या. एक नाही, तीन. प्रार्थनेने सुरू झाल्या, प्रार्थनेने संपल्या. शेवटी निर्णय झाला. तो सांगायला पाळकसाहेब स्वतः रावपुऱ्यात आले, आनंदाने. मंडळीने मास्तरांच्या भावनांची कदर केली होती. पितळेच्या प्याल्याला कल्हई करून घ्यायचे ठरले होते.

मास्तर हसले. इतके हसले की खालून बोहरी शेठ विचारायला वर आले. पाळकसाहेबही थोडे हसले, कारण मास्तर खूश झाले असे त्यांना वाटले. माणूस इतका आंधळा कसा असू शकतो, हे मी तेव्हापासून स्वतःला विचारतो आहे. त्यांच्याविषयी विचारतो आणि माझ्याविषयीही.

पुढच्या सकाळी खिळ्यावर एकच ओळ होती. "कल्हई भांड्याला करतात, पापाला नाही." दुपारपर्यंत कागद फाडला गेला आणि दोन दिवसांनी खिळाही उपटला गेला. मास्तरांनी आठच्या प्रभुभोजनाला हात लावणे सोडले. दहाला जाऊन ते जीवीबेनच्या शेजारी बसत, पण तिथेही त्यांना प्याला मिळत नसे. तुमचे नाव मराठी मंडळीच्या यादीत आहे, असे त्यांना सौम्यपणे सांगण्यात येई. दोन वर्षे हा माणूस दोन्ही पंगतींत उपाशी बसला. त्यांची मागणी लहान होती, एक मंडळी आणि एक प्याला. आणि ज्याच्यासाठी घर सोडले त्याच्या हातची भाकर त्यांना हवी होती, फार हवी होती, हे मला ठाऊक आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते दिवसभर कोणाशी बोलत नसत.

या दोन वर्षांत मी काय केले? मी आठला जात होतो आणि चांदीच्या प्याल्यातून पीत होतो. संध्याकाळी मास्तरांकडे जाऊन बसत होतो. त्यांनी मला एकदाही टोकले नाही. टोकले असते तर बरे झाले असते.

मग ते आजारी पडले. छातीत पाणी झाले होते. घरचे कोणी आले नाही. जीवीबेन रोज सकाळी चालत येई, खोली झाडी, त्यांना पेज भरवी आणि "गुस्सो ओछो करो, मास्तर," राग कमी करा, असे रागावून सांगे. शेवटच्या आठवड्यात पाळकसाहेब प्रभुभोजन द्यायला आले. भर दुपार होती. मी उशाशी होतो, जीवीबेन पायाशी. पाळकसाहेबांनी रुमाल सोडला, चांदीचा प्याला काढला, प्रार्थना म्हटली. मास्तरांचे डोळे प्याल्यावर खिळले होते. त्या डोळ्यांतली तहान मी पाहिली आहे.

"आधी तिला द्या," मास्तर म्हणाले.

पाळकसाहेबांनी जीवीबेनकडे पाहिले नाही. "मास्तर, ही वेळ वाद घालायची नाही."

"मग कशाची आहे?"

"तुमच्या आत्म्याची."

"तिला आत्मा नाही?"

जीवीबेन हात जोडून म्हणाली, "मास्तर, लई लो ने. मारे नथी जोईतुं." घ्या ना, मला नको. मास्तरांनी तिच्याकडे पाहून मान हलवली. पाळकसाहेब थांबले. खरेच थांबले, त्यांचा हात थोडा पुढेही आला. मला वाटले, आता. मग हात मागे गेला. "मला मंडळीला उत्तर द्यावं लागतं," ते पुटपुटले.

"मग गुंडाळा," मास्तर म्हणाले आणि भिंतीकडे वळले. मी तोंड उघडले नाही. तिसऱ्या दिवशी ते गेले.

पुरताना पाळकसाहेबांनी सांगितले की मास्तर शांत वृत्तीचे होते आणि सर्वांशी समेट करून प्रभूच्या घरी गेले. आमचे चाळीस लोक पुढे होते. वणकर कुंपणापाशी उभे होते, आणि त्यांच्यातल्या कोणी तरी मोठ्याने "ना!", म्हणजे नाही, असे म्हटले. कोणी वळून पाहिले नाही. नंतर पाळकसाहेब माझ्याजवळ आले. माझ्याकडे चिंतनांचे कागद आहेत हे त्यांना कळले होते. मंडळीने त्यांची पुस्तिका छापायची ठरवली होती. "फक्त त्यातला राग तेवढा गाळा. बाकी फार भक्तिमय आहे."

"बाकी काही नाही," मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला.

पुढचा रविवार महिन्यातला पहिला होता. मी आठला गेलो नाही. दहाला गेलो आणि मागे जीवीबेनजवळ बसलो. पाळकसाहेब एकेकाला पितळी प्याला देत आणि परत घेत आमच्या ओळीपर्यंत आले. जीवीबेन प्याली. पाळकसाहेबांनी प्याला परत घ्यायला हात पुढे केला आणि मला हळूच म्हणाले, "तुमचं नाव आठच्या यादीत आहे."

मला राग आला होता.  मी उठलो नाही आणि डोळेही खाली घातले नाहीत.

जीवीबेनने पाळकसाहेबांच्या हाताकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि प्याला सरळ माझ्या हातात दिला.

"पी लो ने, भाई," ती म्हणाली. "पाछळ लोको बेठा छे."

मागे लोक बसले होते. मी प्यालो आणि प्याला मागच्या माणसाच्या हातात दिला.